पंखे फिरतात, हवा तिथंच: बेळगावच्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि ऑटोनगर इथल्या फाउंड्री, मशीन शॉप व फॅब्रिकेशन कारखान्यांचे मालक,
तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मंगल कार्यालयांचे आणि मोठ्या इमारतींचे व्यवस्थापक यांस

स. न. वि. वि.

खंडेनवमीला लेथला हार पडतो, ड्रिलला पडतो, भट्टीलाही पडतो. छपराखालच्या एक्झॉस्ट पंख्याला पडत नाही, कारण तिथवर हात पोचत नाही. ग्रीसही त्याच कारणानं पोचत नाही. पंखा आवाज करतोय म्हणजे चालू आहे आणि चालू आहे म्हणजे ठीक आहे, असा आपल्याकडचा हिशेब. वर्षातून एकदा कुणीतरी शिडी लावतो, फडकं मारतो आणि बिलावर एक ओळ येते: 'फॅन सर्व्हिसिंग'. त्या एका ओळीवर आपण पैसे देता. आमचं मागणं साधं आहे. यापुढं त्या ओळीखाली चार आकडे असल्याशिवाय बिल पास करू नका: हवेचा वेग, तिन्ही फेजचे अँपिअर, मेगरचं रीडिंग (मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन किती शाबूत आहे त्याचं माप) आणि बेअरिंगवरचं व्हायब्रेशन (थरथर). हे आकडे का मागायचे आणि ते बिघडतात कशामुळं, ते पुढं लिहितो.

हवेपासून सुरुवात करू, कारण नेमकी तीच कुणी मोजत नाही. हातात मावणारं अ‍ॅनेमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) पुरतं. पंख्याच्या तोंडाचे मनानं नऊ भाग पाडा, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस सेकंद धरा आणि सरासरी काढा. ९०० मिमी व्यासाच्या पंख्याचं तोंड ०.६४ चौरस मीटर भरतं. सरासरी वेग सेकंदाला ८ मीटर आला तर तासाला सुमारे १८ हजार घनमीटर हवा बाहेर जाते. आता शेड घ्या: ३० मीटर लांब, १५ रुंद, ६ उंच, म्हणजे २,७०० घनमीटर. तासाला १५ वेळा हवा बदलायची तर ४०,५०० घनमीटर काढायला हवी. असे तीन पंखे लागतील, तेही तिन्ही धड चालणारे. वेग ८ वरून ५ वर आला की त्या तिनांचे जेमतेम दोन उरतात. खालून बघणाऱ्याला मात्र तीन फिरताना दिसतात.

बाहेर गेलेली हवा कुठून तरी आत यायला हवी, हे लिहायचीही गरज पडू नये. पण पडते. वरच्या शेडला आत येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आत ठेवायचा असेल तर साडेचार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ४८ चौरस फूट मोकळी जागा लागते. जाळी असेल तर त्याहून जास्त. आपल्याकडं मृगाच्या आधी पाऊस आत येऊ नये म्हणून खालच्या खिडक्यांना निळं प्लास्टिक बांधतात. ते गणपती झाले, दसरा झाला तरी सुटत नाही. मग पंखे बंद डब्यातून हवा ओढू बघतात. ओळखायची खूण सोपी आहे. सगळे पंखे चालू ठेवून मोठं शटर दोन इंच उघडं ठेवा. फटीतून वारा शिट्टी मारत आत येत असेल तर शेड गुदमरलंय. याच्या उलट, पंख्याच्या अगदी शेजारची खिडकी उघडी असेल तर तो त्याच खिडकीतली ताजी हवा ओढून बाहेर टाकतो आणि कामगाराजवळची हवा जागची हलत नाही. शेजारच्या खिडक्या बंद करा, समोरच्या भिंतीत खाली जागा द्या. रांगेतला एखादा पंखा बंद पडला असेल तर त्याच्या भोकातून उलटी हवा आत येते. म्हणूनच त्याचं आपोआप मिटणारं शटर गंजून अर्धवट अडकलेलं चालत नाही. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा. पश्चिमेच्या भिंतीतल्या पंख्याला बाहेरून आडोसा नसेल तर चार महिने तो वाऱ्याशीच कुस्ती खेळत असतो.

आणखी एक गैरसमज, तोही महागात पडणारा. पंख्यानं फुंकलेली हवा लांब जाते, पण ओढायची ताकद तोंडापाशीच संपते. ओढणाऱ्या तोंडापासून एका व्यासाच्या अंतरावर वेग साधारण दहावा हिस्साच उरतो. फेटलिंगच्या (ओतीव माल घासून साफ करायच्या) ग्राइंडरपासून वीस फुटांवर भिंतीत पंखा बसवला तर ग्राइंडरची धूळ त्याच्याकडं जात नाही, माणसाच्या नाकात जाते. शेकआउटला (साच्यातून माल झटकून काढताना) आणि फेटलिंगला उडणारी सिलिकाची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, आणि तिच्यानं होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर बरं करणारा इलाज नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं की धूळ जिथं तयार होते तिथंच, शक्य तेवढ्या जवळ ती ओढून घ्या. हूड (धूळ ओढणारं तोंड) जवळ आणा. डक्टमधला (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळातला) वेग सेकंदाला १८ ते २० मीटरच्या खाली गेला की फाउंड्रीची धूळ आडव्या डक्टमध्ये बसायला लागते, आणि बसलेली धूळ आणखी धूळ धरते. चालू डक्टला मधेच भोक पाडून नवा हूड जोडला की शेवटच्या हूडची ओढ मरते. कुणी कितीही आग्रह केला तरी डिझाइनवाल्याला विचारल्याशिवाय ते भोक पाडू नका.

बॅग फिल्टर (धूळ गाळणाऱ्या पिशव्यांची पेटी) असेल तर दाब बघायला महाग मीटर लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, रंगीत पाणी भरा, एक टोक फिल्टरच्या आधी आणि एक नंतर जोडा. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक १५० मिमीच्या वर चालला असेल तर पिशव्या चोंदल्यात. फरक अचानक शून्याकडं आला तर आनंद मानू नका, पिशवी फाटलीय.

आता बेल्ट. व्ही-बेल्टचा ताण बोटानं दाबून 'बरा आहे' म्हणणं हे माप नव्हे. दोन पुलींच्या मधल्या लांबीच्या ६४ व्या भागाइतका बेल्ट मधोमध दबायला हवा, म्हणजे एक मीटरला सुमारे १६ मिमी. दाबायचं ते मात्र बेल्ट बनवणाऱ्याच्या तक्त्यात दिलेल्या जोरानं. ढिला बेल्ट घसरतो, पुलीखाली काळी पूड पडते, पंख्याचे फेरे कमी होतात. जास्त ताणला तर बेअरिंग आणि शाफ्ट मरतात. तीन बेल्टांच्या पुलीवरचा एक तुटला की एकच नवा घालायची सवय सोडा. जुने दोन लांबलेले असतात, सगळा भार नव्यावर येतो आणि महिन्याभरात तोही जातो. संच एकदम बदला आणि २४ ते ४८ तास चालल्यावर ताण पुन्हा बघा, कारण नवा बेल्ट बसताना ढिला होतोच. बेल्ट खाचेच्या तळाला टेकून तळ चकचकीत झाला असेल तर पुलीच गेलीय. अशा पुलीवर नवा बेल्ट घालणं म्हणजे पैसे पुलीत टाकणं. घसरणाऱ्या बेल्टला राळ लावणं हा इलाज नव्हे. राळेवर धूळ चिकटते आणि खाच कानशीसारखी घासली जाते. पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोन्हींच्या बाहेरच्या तोंडाला दोरी ताणून बघा. पुल्यांच्या कडांची जाडी सारखी असेल तर दोरी चारही ठिकाणी टेकायला हवी.

हवा कमी पडते म्हणून मोटरची पुली मोठी घालण्याआधी एक हिशेब करा. फेरे वाढवले की हवा त्याच प्रमाणात वाढते, दाब वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. १२५ मिमीच्या जागी १५० ची पुली घातली तर फेरे २० टक्के वाढतात आणि जिथं ४ एचपी लागत होते तिथं जवळजवळ ७ लागतात. ५ एचपीची मोटर हे सोसत नाही. मग कुणीतरी ट्रिप होऊ नये म्हणून ओव्हरलोड रिलेचं (जास्त अँपिअरला मोटर बंद करणारं साधन) सेटिंग वर सरकवतो, आणि पुढचं काम रिवाइंडिंगवाल्याकडं (जळालेल्या मोटरचं वाइंडिंग नव्यानं भरणाऱ्याकडं) येतं. आमच्यातल्या रिवाइंडिंगवाल्यांचंही म्हणणं आहे की असलं काम नको. उलट बाजूनं तोच नियम फायद्याचा आहे. रात्रपाळीला निम्मी मशिनं बंद असताना ड्राइव्हनं (मोटरचे फेरे कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) फेरे २० टक्के उतरवले तर पंख्याला लागणारी ताकद निम्म्यावर येते.

कॅटलॉगबद्दलही एक सांगायला हवं. त्यातले दाबाचे आकडे समुद्रसपाटीच्या हवेसाठी असतात. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथली ३० अंशांची हवा त्या हिशेबापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त हलकी. पंखा घनमीटर तेवढेच ढकलतो, पण दाब त्याच प्रमाणात कमी देतो. लांब डक्टचा पंखा मागवताना उंची आणि तापमान ऑर्डरवर लिहा.

दिशा बघणं तर मिनिटाचं काम, आणि तेच राहून जातं. हेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनचं काम झालं किंवा नवा जनरेटर जोडला की फेज उलटसुलट होऊ शकतात. भिंतीतला अ‍ॅक्सियल पंखा (हवा सरळ पुढं ढकलणारा) उलटा फिरला तर लगेच कळतं, हवा आत येते. गोगलगायीच्या आकाराच्या पेटीतला सेंट्रिफ्यूगल ब्लोअर मात्र उलटा फिरूनही हवा त्याच दिशेला टाकतो, फक्त बरीच कमी. तो महिनोन् महिने उलटा फिरत राहतो आणि सगळे डक्टला दोष देतात. पेटीवर बाण रंगवा आणि लाइनचं काम झालं की दर वेळी बाण तपासा.

अँपिअरचा आकडा वाचतानाही या दोघांतला फरक लक्षात ठेवा. सेंट्रिफ्यूगलचा डक्ट चोंदला की अँपिअर कमी होतात, कारण हवाच जात नाही. रजिस्टरवर आकडा उतरलेला बघून वीज वाचली असं समजू नका. अ‍ॅक्सियलचा रस्ता चोंदला की अँपिअर उलट वाढतात. म्हणून सेंट्रिफ्यूगल पंखा डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) बंद ठेवून सुरू करायचा आणि अ‍ॅक्सियल उघडा ठेवून. भट्टीच्या गरम धुरासाठी निवडलेला ब्लोअर सकाळी थंड हवेवर चालवला तर हवा जड असल्यानं ओव्हरलोड होतो. त्याचा डॅम्पर हळूहळूच उघडायचा.

बेअरिंगच्या बाबतीत आपल्याकडं दोनच पद्धती: वर्षभर ग्रीस नाही, किंवा निप्पलमधून बाहेर येईपर्यंत ग्रीस. दुसरी पहिलीइतकीच वाईट. ग्रॅममध्ये किती ग्रीस भरायचं, हे बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी (दोन्ही मिमीमध्ये) गुणिले ०.००५ असं काढतात. ६३०८ बेअरिंगचा व्यास ९० आणि रुंदी २३, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. आपली ग्रीसगन एका झटक्याला किती टाकते ते आधी ठरवा: कागदावर दहा झटके मारा, तराजूवर वजन करा, दहानं भागा आणि आकडा गनवर रंगवून ठेवा. मोटरला ग्रीस देताना खालचा ड्रेन प्लग काढा, जुनं ग्रीस बाहेर येऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि मगच प्लग लावा. प्लग न काढता दाबलेलं ग्रीस वाइंडिंगवर जाऊन बसतं. लिथियम ग्रीसच्या बेअरिंगमध्ये पॉलियुरिया ग्रीस मिसळू नका. बऱ्याचदा दोन्ही मिळून पातळ होतात आणि वाहून जातात. दोन्हीकडून पत्र्यानं बंद असलेल्या झेडझेड बेअरिंगला ग्रीस देताच येत नाही, त्याला निप्पल शोधत बसू नका. पावसाळ्यानंतर ग्रीस दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय. नुसतं वरून भरू नका, सगळं धुऊन काढा.

प्लमर ब्लॉकमधली (शाफ्टचं बेअरिंग धरणाऱ्या घरातली) एक चूक वरचेवर दिसते. लोकेटिंग रिंग (बेअरिंग जागी अडकवणारी कडी) फक्त एका बाजूला घालायची असते, नेहमी पुलीच्या बाजूला. दुसरी बाजू मोकळी हवी. सव्वा मीटरचा शाफ्ट ४० अंशांनी तापला की अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लांबतो. दोन्ही टोकं अडकवली तर तो जाणार कुठं? बेअरिंगवरच दाब घालतो, बेअरिंग निळं पडतं आणि लोक कंपनी बदलून बघतात.

व्हायब्रेशन हा चौथा आकडा. पक्क्या पायावर बसलेल्या साधारण औद्योगिक पंख्याचं बेअरिंगवरचं रीडिंग सुरुवातीला सेकंदाला ४.५ मिमीच्या आत हवं. ७.१ ला कारण शोधायचं आणि ९ ला पंखा बंद करायचा. कारण बहुतेक वेळा पात्यावरची धूळ असते. ती सगळ्या पात्यांवर सारखी बसत नाही, आणि एका बाजूचा पोपडा पडला की घोटाळा होतो. ४५० मिमी त्रिज्येवर फक्त २० ग्रॅम धूळ जास्त असेल तर ९६० फेऱ्यांना शाफ्टला सुमारे नऊ किलोचा झटका बसतो, तोही सेकंदाला सोळा वेळा. म्हणून पाती साफ करायची तर सगळी, पुढून आणि मागून. हाताला येतील तेवढी चार साफ केली तर न केल्यापेक्षा वाईट. इंपेलरवर (पात्यांच्या चाकावर) वेल्ड केलेले छोटे तुकडे दिसतील. ते कचरा म्हणून छिन्नीनं उडवू नका, बॅलन्सिंगची वजनं आहेत ती. इंपेलर काढण्याआधी हब आणि शाफ्टवर पंचनं खूण करा.

वीज थोडक्यात, कारण यातलं बरंचसं आपला वायरमन जाणतो. तिन्ही फेजचे व्होल्ट मोजा. ४००, ४१५, ४३० असे आले तर सरासरीपासून सर्वांत मोठा फरक १५, म्हणजे ३.६ टक्के. ऐकायला किरकोळ, पण एवढ्या फरकानं वाइंडिंगची तापमानवाढ सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते, आणि वाइंडिंग कायम १० अंश जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं साधन) बायपास केलेला पॅनल दिसला तर ज्यानं केला त्यालाच बोलावून पुन्हा जोडून घ्या. ओव्हरलोड रिले नेमप्लेटच्या अँपिअरवर. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये असेल तर त्याच्या ०.५८ पट. पावसाळ्याआधी आणि नंतर ५०० व्होल्टचा मेगर मारा. रीडिंग ५ मेगओहमच्या खाली आलं तर मोटर सुकवा. १ च्या खाली तर सुरूच करू नका. टर्मिनल बॉक्सची केबल ग्लँड (केबल आत शिरते ते तोंड) नेहमी खालून हवी, आणि केबलला आत शिरण्याआधी खाली झोल हवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. रिवाइंडिंगला दिलेल्या मोटरचं जुनं तांबं गॅस टॉर्चनं जाळून काढू देऊ नका. कोअरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, आणि तीच मोटर पुढं नुसती फिरतानाही तापते.

मंगल कार्यालयवाल्यांसाठी आणि मोठ्या इमारतवाल्यांसाठी दोन परिच्छेद. स्वयंपाकघराच्या हूडचे फिल्टर लग्नसराईत आठवड्याला काढून गरम पाण्यात भिजवून धुवा. डक्टच्या आत तेलकट थर २ मिमीचा झाला की डक्ट खरवडायची वेळ झालीच, कारण भटारखान्यातली आग कढईतून डक्टमध्ये याच थरावरून चढते. तेल लवकर सुटतं म्हणून कॉस्टिक वापरतात. लोखंडाला चालतं, अ‍ॅल्युमिनियमची पाती मात्र ते खाऊन टाकतं. जनरेटरचा धूर सोडणारा पाइप हॉलमध्ये हवा घेणाऱ्या खिडकीखाली नको. एकफेजी एक्झॉस्ट मंद फिरत असेल तर आधी कपॅसिटर बदला, तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि ४४० व्होल्टचा.

तळघरात पार्किंग असेल तर तासाला ६ वेळा हवा बदलणं आणि आगीच्या वेळी १२ वेळा, असं राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. तो आगीचा वेग वर्षभर कुणी लावून बघत नाही. महिन्यातून एकदा अग्निशमन पॅनलवरूनच सुरू करून बघा, पंख्याजवळच्या स्विचनं नव्हे.

वडगाव-शहापूरच्या मागांवरचा कापसाचा तंतू, निपाणीच्या वखारींतला तंबाखूचा धुरळा, कारखान्यातली साखरेची पूड, हे सगळं पेट घेणारं आहे. तिथं मोटर हवेच्या झोताबाहेर हवी आणि तिच्या अंगावरच्या, तिला थंड ठेवणाऱ्या पंखड्यांवरचा थर रोज झाडायला हवा. अ‍ॅल्युमिनियमचं बफिंग आणि लोखंडाचं ग्राइंडिंग एकाच डक्टला कधीही जोडू नका. लोखंडाची ठिणगी आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड एकत्र आली की काय होतं ते बघायला कुणी उरत नाही.

माणूस वर चढवण्याआधी आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, फ्यूज काढलेले, कुलूप लावलेलं आणि किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात. पाटी मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्येही हवी. 'केलस नडेयुत्तिदे, स्विच हाकबेडी' (काम चालू आहे, स्विच लावू नका) एवढं लिहायला पेंटरला पाच मिनिटं लागतात. वीज बंद असली तरी वाऱ्यानं पंखा फिरतो, म्हणून हात घालण्याआधी पात्यांत लाकडी ठोकळा अडकवा. उलट फिरणाऱ्या पंख्याला तसाच स्टार्टर दिला तर शाफ्ट पिळवटतो, सुरू करण्याआधी थांबवा. सिमेंटच्या किंवा फायबरच्या पत्र्यावर थेट पाय ठेवून छपरावर जाऊ देऊ नका. आडव्या फळ्या आणि कमरेला नव्हे, पूर्ण अंगाला बसणारा हार्नेस. हे सामान नसेल तर त्या दिवशी काम नाही, असं ठेकेदाराला लेखी द्या.

वेळापत्रक आपल्या पंचांगातच बसतं. मृगाच्या आधी एकदा: मेगर, ग्लँड, छपरावरच्या टर्बो व्हेंटिलेटरची बेअरिंगं, पश्चिमेचे आडोसे. खंडेनवमीला मशिनं बंद असतात तेव्हा दुसऱ्यांदा: प्लास्टिक काढणं, कबुतरांची घरटी, पाती, बेल्ट, ग्रीस. मधल्या काळात महिन्यातून एकदा टंग टेस्टर (अँपिअर मोजणारा चिमटा) आणि अ‍ॅनेमोमीटर घेऊन एक चक्कर. दहा पंख्यांना एक सकाळ पुरते. प्रत्येक पंख्याला नंबर रंगवा, प्रत्येक नंबराला रजिस्टरचं एक पान द्या, पानाच्या माथ्यावर पंखा नवीन असतानाचे किंवा पहिल्या पूर्ण दुरुस्तीनंतरचे चार आकडे लिहा. रजिस्टर ऑफिसच्या कपाटात नको, पॅनलशेजारी खिळ्याला हवं. आणि त्यावर सही करणारा माणूस एकच, नावानिशी ठरलेला.

कळावे,

आपले,
उद्यमबाग आणि मच्छे भागात काम करणारे काही फिटर, वायरमन आणि रिवाइंडिंगवाले
बेळगाव